इझव्या का इझवायचा

आमच्या गावात माणसाला दोन नावं असतात. एक आईबाप ठेवतात. ते शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नाच्या पत्रिकेवर येतं आणि तेवढ्यापुरतंच वापरलं जातं. दुसरं नाव गाव ठेवतं. ते कुणी ठेवलं, कधी ठेवलं, हे पुढं कुणाला आठवत नाही, पण पोस्टमनलासुद्धा तेच सांगावं लागतं. लहानपणी कधीतरी म्हशीनं आपटलं एवढ्या कारणावरून एक म्हातारा 'आपट्या' म्हणून जगला आणि 'आपट्या' म्हणूनच गेला. त्याच्या शिकलेल्या सुनेला आजही घराचा पत्ता सांगताना 'आपट्याचं घर' म्हणावं लागतं आणि ती बिचारी मान खाली घालून म्हणते. गावानं ठेवलेलं नाव बदलून द्या म्हणून कुठल्या कचेरीत अर्ज करता येत नाही. असं एक नाव मी ठेवलेलं आहे. गावाला ते आठवत नाही, मला आठवतं. या पुस्तकातली बाकीची प्रकरणं लिहिताना मला मजा आली. हे मात्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

विट्याच्या आसपासच्या गावांत घरटी एखादा तरी पुरुष गलाईच्या धंद्यात असतो. गलाई म्हणजे जुनं, मिसळीचं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं काम. मुशीत सोनं वितळवायचं, तेजाबात उकळायचं, आत मिसळलेलं तांबं-चांदी सुटून गेलं की उरतं ते चोख. आमच्या तिकडची माणसं हे करायला पार कुठं कुठं गेली आहेत. माझे थोरले चुलते, आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो, त्यांचं दुकान मदुराईच्या बाजूला होतं. वर्षातून एकदा यात्रेला ते घरी यायचे. माझे बाबा फौजेत, ते सुट्टी मिळेल तेव्हा यायचे. त्यामुळं घरात राज्य दोन बायकांचं, माझी आई आणि थोरली आई, म्हणजे आबांची बायको. त्यांच्या हाताखाली मी आणि आबांचा मुलगा संदीपदादा. संदीपदादा माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. बारावीत दोनदा गटांगळी खाऊन तो घरी बसला होता, पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मदुराईचं दुकान आपलंच आहे, आज ना उद्या आबा बोलावतील, हे तो धरून चालला होता. अख्खं गाव धरून चाललं होतं.

मग एका चैत्रात आबा यात्रेला आले ते परत गेलेच नाहीत. चालू दुकान बंद करून, कामावरच्या पोरांना दुसरीकडं चिकटवून, एक पत्र्याची ट्रंक आणि खोक्यात बांधलेला कॉम्प्युटर घेऊन ते उतरले. कॉम्प्युटर संदीपसाठी होता. "ह्ये शीक," एवढंच म्हणाले. "आन भट्टीचं डोस्क्यातनं काढून टाक. भट्टीपाशी तू जायाचं न्हाई." का, ते सांगितलं नाही. थोरल्या आईनं विचारलं, तिच्या भावानं येऊन विचारलं, सरपंचानं चहाला बोलावून आडून आडून विचारलं. आबा सगळ्यांना तेच सांगायचे, "बास झालं आता." पोराच्या पोटावर बापानंच पाय दिला, असं गाव म्हणायला लागलं. आमच्याकडं माणसानं काही केलं आणि कारण सांगितलं नाही, तर कारण गाव पुरवतं.

तो कॉम्प्युटर आमच्या मधल्या खोलीत, धान्याच्या कणगीशेजारी टेबलावर बसला. आईनं त्याच्यासाठी जुन्या नऊवारीचं झाकण शिवलं. संदीपदादा विट्याला कोर्सला जायचा, आठवड्यातले दोन दिवस जायचा आणि चार दिवस एसटी चुकायची. मशिनचा खरा ताबा मी घेतला. आबांनी बरोबर आणलेल्या सीड्यांत एक खेळ होता. तिकडच्या दुकानदारानं वर फुकट घातलेला. मी तेव्हा विट्याच्या कॉलेजात बारावीला होते, इंग्रजीत वर्गात पहिली, आणि याची मला गुर्मी होती हे आताच सांगून टाकते. खेळ सगळा इंग्रजीत. त्यामुळं माऊस एखाद्या पोरानं धरला तरी खेळ चालायचा माझ्या जिवावर. पात्रं बोलायची आणि मी त्याचं मराठी करून सांगायचे.

दुपारी दोन ते पाच वीज असायची. दोनच्या ठोक्याला आळीतली सात-आठ पोरं चपला उंबऱ्याबाहेर काढून हजर. आई शेंगा फोडत बसायची, थोरली आई हुलगे निवडत, आणि शेजारची मंगल चिंचा घेऊन यायची. मंगल माझ्याच वयाची. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. बायकांना खेळ खेळायचा नसे, गोष्ट हवी असे. "कालच्या त्या म्हातारीचं काय झालं गं?" असं आई आधी विचारायची, मग स्टुलावर फॅन लावायची. दाराबाहेर ओसरीवर आबांची बाज होती. ते आत यायचे नाहीत, पण त्यांचा खोकला ऐकू यायचा. कोरडा, बारीक, दर थोड्या वेळानं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की तो थांबला तर आई मान वर करून बघायची. थोरली आई त्यांना सकाळ-संध्याकाळ हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं करून द्यायची, वरून लसणाची फोडणी. त्या वासाबरोबर आजही मला कॉम्प्युटर सुरू होतानाची टिंग ऐकू येते.

खेळ असा होता. एक डोंगराळ मुलूख, त्यातल्या गावागावांत एकेक प्रचंड भट्टी. भट्ट्या पिढ्यानपिढ्या जळताहेत, लोक त्यांच्यावर जगताहेत. आणि एक राखेच्या रंगाचा राजा आपली माणसं घेऊन गावोगाव फिरतो आणि भट्ट्या विझवतो. आपण तलवार घेऊन त्याच्या मागं जायचं आणि भट्ट्या पुन्हा पेटवायच्या. त्या राजाचं नाव एवढं लांबलचक होतं की कुणाच्या जिभेवर बसेना. मीच म्हटलं, "इझव्या म्हना की." झालं. त्या दिवसापासून तो इझव्या.

पण इझव्याचं कोडं काही सुटत नव्हतं. तो लुटत काहीच नव्हता. कुणाला मारत नव्हता. गादीवर बसला नव्हता. भट्टी विझवायचा, दार दगडांनी चिणायचा आणि निघून जायचा. एका गावात तर तो जाताना चौकात धान्याची पोती ठेवून गेला. पोरं विचारायची, "रूपाताई, ह्यो इझवतोय का पन?" तो अधूनमधून लांब लांब बोलायचा, पण ते बोलणं भराभर सरकायचं, शब्द अवघड, आणि पोरांना लढाईची घाई. मी दोन ओळी वाचायचे आणि बटण दाबून पुढं जायचे. जे समजलं नाही ते समजलं नाही असं म्हणायची माझ्यात रीत नव्हती. मी सांगितलं, "जळतोय त्यो. सवताची भट्टी इझली म्हनून दुसऱ्याची बघवत न्हाई." सगळ्यांना पटलं. आमच्या गावात या कारणानं निम्मी भांडणं होतात, न पटायला काय झालं?

एकट्या मंगलला पटलं नाही. चिंचेचा चिंचोका गालात इकडून तिकडं फिरवत ती म्हणाली, "जळत असता तर पोती कशाला ठिवून गेला असता गं?" मी म्हटलं, "तुला इंग्लिश येतंय का? न्हाई न्हवं? मग गप बस." पोरं हसली. मंगल गप्प बसली, पण दुसऱ्या दिवशी आली आणि परत तेच म्हणाली. पुढं कितीतरी दिवस हे चाललं. ती शांतपणे एखादी गोष्ट दाखवायची, मी तिला इंग्रजीनं हाणायचे.

त्याच दिवसांत कधीतरी आबा ओसरीवरून उठून घरामागच्या परड्यात निघाले होते, तेव्हा मी पोरांकडं बघून डोळा मारला आणि हळूच म्हटलं, "त्यो बघा आपला इझव्या चालला." चालू दुकान विझवून आलेला माणूस. सगळी पोरं फिस्कन हसली. हसली, संपलं, असं मला वाटलं. आठ दिवसांत दुकानाच्या कट्ट्यावर लोक म्हणायला लागले, "इझव्याच्यात कॉम्प्युटर आलाय." महिन्याभरात दूधवाल्यानं वहीत तेच लिहिलं. संदीपदादानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. नुसता म्हणाला, "बराबर हाय." तेव्हा मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. घरातल्या मोठ्या पोरानं आपलं म्हणणं मान्य केलं!

आता पुढच्या वर्षीच्या यात्रेच्या आधीचा आठवडा. आमच्याकडं यात्रेआधी घरातल्या सगळ्या वाकळा, म्हणजे गोधड्या, धुवायला काढतात. आई आणि थोरली आई बैलगाडीत वाकळांचा डोंगर रचून विहिरीवर गेल्या होत्या, आळीतली पोरं पाण्यात डुंबायला त्यांच्याबरोबर. संदीपदादा विट्याला. घरात मी आणि आबा. दोन वाजता वीज आली आणि मी खेळायला बसले. शेवटचा टप्पा आला होता. थोड्या वेळानं पाठीमागं खोकला आला. आबा आत आले होते. कणगीला टेकून उभे.

एका गावातली भट्टी मी पेटवली. आबा पडद्याकडं बघत म्हणाले, "ज्वाळ हिरवी हाय. तांबं हाय त्यात." मी हसले. म्हटलं, "आबा, ही चित्रातली भट्टी हाय." "आसूंदे की. काढनाऱ्यानं बघून काढलीया." मग बोट पुढं करून म्हणाले, "ह्यो धूर बघितलास का?" मी नव्हता बघितला. इतके महिने खेळत होते, पण त्या धुराकडं मी लक्ष दिलं नव्हतं. भट्टी पेटली की तांबूस पिवळा धूर निघून गावावरून सरकत जायचा. आबा म्हणाले, "तेजाबाचा धूर ह्याच रंगाचा असतोय. आता मागच्या गावाला जा बरं. पैला पेटवलीस त्या." मी परत गेले. त्या गावात चौकात कुणी नव्हतं. घराघरांत माणसं अंथरुणाला खिळलेली. आधी आले होते तेव्हा हीच माणसं नाचत होती. भट्ट्या तर मीच पेटवल्या होत्या.

मग इझव्या समोर आला आणि बोलायला लागला. सवयीनं माझं बोट बटणाकडं गेलं. आबा म्हणाले, "थांब की. काय म्हनतोय त्यो, वाच." मी डिक्शनरी आणली. एकेक वाक्य थांबवून, शब्द हुडकून, पहिल्यांदाच मी त्याचं बोलणं नीट वाचलं आणि आबांना सांगितलं. तो म्हणत होता, पहिली भट्टी मीच पेटवली. फुंकायला मीच शिकवलं. ज्यांना शिकवलं ती सगळी आता टेकडीखाली पुरलीत. मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, एवढा हिवाळा जाऊ दे, मग विझवू. म्हणून मी विचारलं नाही. माझा राग करा, पण जगा.

मी विचारलं, "पन ह्यानं आदीच का सांगितलं न्हाई लोकास्नी?"

"सांगायचं म्हंजे नावं घ्यावी लागत्यात, पोरी," आबा म्हणाले. "कुनाकुनाला न्हेलं ती." आणि म्हणाले, "दिलप्याला मीच न्हेला."

दिलीप म्हणजे थोरल्या आईचा भाचा. तिच्या एकुलत्या भावाचा मुलगा. मदुराईहून दोन वर्षांपूर्वी परत आला तो खोकतच, आणि सहा महिन्यांत गेला. छातीनं कच्चा होता, असं सगळे म्हणायचे. आबा म्हणाले, "कच्चा नव्हता गं. सात वर्सं मुशीपाशी बसला. धूर जायाला भिताडात खिडकी पाडा म्हनत हुता, मी म्हनलं पुढच्या साली पाडू." बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, त्या पडद्यावरच्या राखेच्या माणसाकडं बघत होते. "तुज्या थोरलीला ह्यातलं काय म्हनू नगंस. भाऊ तुटंल तिचा. पन ह्या इझव्याचं सांग. पोरास्नी सांग सगळं, जसं हाय तसं. संदीपबी असतोय न्हवं ऐकायला?"

"असतोय की."

"मग सांग." आणि जाताजाता दारातून वळून म्हणाले, "मलाबी इझव्याच म्हनत्यात न्हवं? कुनी ठिवलं गं नाव?"

मी म्हटलं, "ठावं न्हाई, आबा."

ते हसले. "नाव चांगलं हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर भरलेलं. शेवट आहे म्हणून पोरं जास्तीची आलेली. आई आणि थोरली आई वाळलेल्या वाकळांच्या घड्या घालत होत्या, खोलीत उन्हाचा आणि धुण्याच्या सोड्याचा वास. संदीपदादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, त्याच्या मागं ओसरीवर बाजेवर आबा. कालच्याच जागेवरून मी खेळ पुढं नेला आणि इझव्या बोलायला लागला. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं पक्कं ठरवलेलं होतं, यावर आज कुणी विश्वास ठेवला नाही तरी मी समजू शकते. पण तोंड उघडताना माझं लक्ष मंगलकडं गेलं. ती पुढं वाकून बसली होती. चेहऱ्यावर काही खुन्नस नव्हती, नुसती उत्सुकता. आता मी खरं सांगणार, आणि इतके महिने जिला मी इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसवलं तीच बरोबर निघणार, तीही नुसत्या पोत्यांकडं बघून. पोरं तिच्याकडं वळणार. आई म्हणणार, मंगल म्हणत होती बघ.

आणि मी म्हटलं, "त्यो म्हनतोय, माजी भट्टी इझली, मग तुमची कशापायी जळावी? माज्यापरास कुनी उजेडात ऱ्हायाचं न्हाई."

पडद्यावर तो माणूस इंग्रजीत आपल्या मेलेल्या शिष्यांची नावं घेत होता आणि इकडं मी त्याच्या तोंडात हे घालत होते. एकेक वाक्य, अगदी आवाज काढून. पोरं ओरडली, "बघा, रूपाताईनं आदीच सांगितलं हुतं!" मंगल मागं सरकून बसली आणि चिंचा फोडायला लागली. संदीपदादानं मान हलवली, पुन्हा पुन्हा, आपल्याशीच. आणि ओसरीवर बाज करकरली. आबा उठले होते. मला वाटलं आता आत येतील आणि म्हणतील, काल ही असं म्हणाली नव्हती. एक शब्द बोलले असते तर मी तिथंच फुटले असते. ते दारापर्यंत आले, संदीपच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं आणि थोरल्या आईला म्हणाले, "माडगं हाय का गं वाईच?" ती उठून चुलीकडं गेली. ते मागं वळले आणि खोकत परड्याकडं निघून गेले.

माणूस मोठ्या पापानं वाया जातो असं नाही. मला तर नुसतं मंगलपुढं खाली बघायचं नव्हतं.

यात्रेला सगळे गलाईवाले गावात आले. आळीत गाड्या लावायला जागा नव्हती. कुस्त्यांचं मैदान झालं, त्या संध्याकाळी घरी पाहुण्यांची पंगत उठत होती, तेव्हा संदीपदादानं पंजाबात दुकान असलेल्या एकाबरोबर भट्टीवर जायचं ठरवलं असं जाहीर केलं. आबा ताटावर बसले होते. म्हणाले, "जायाचं न्हाई." मग पंधरा-वीस पाहुण्यांपुढं संदीपदादा बापाला म्हणाला, "सवताची भट्टी इझली म्हनून माजीबी इझवताय व्हय? तुमच्यापरास कुनी उजेडात ऱ्हायाचं न्हाई, असंच न्हवं, इझव्या आबा?" माझंच वाक्य. काना-मात्रेचा फरक नाही. मी वाढत होते, हातात रश्श्याचं पातेलं होतं. आबांनी ताटातच हात धुतला आणि उठले. थोरली आई रडायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं चुलीवर ठेवलं आणि परत बाहेर आले, पाणी वाढायला. तेव्हाही बोलता आलं असतं. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, म्हणजे मध्ये पूर्ण एक रात्र होती. मी ती झोपून काढली, आणि मला झोप लागली होती, हे सगळ्यात वाईट.

आबा त्यानंतर सहा वर्षं होते. मी सांगलीला शिकायला आले, तिथंच विश्रामबागेत राहिले, नोकरीला लागले. सुट्टीत घरी गेले की आबा विचारायचे, "काय शिकतीस?" मी म्हणायचे, इंग्लिश. "बरं हाय," म्हणायचे. त्या दुपारचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. आज मी कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवते, म्हणजे दुसऱ्यानं काय म्हटलंय ते सांगायचा मला पगार मिळतो. वर्गात एखादी मुलगी हात वर करून "मॅडम, पण असं नसेल का?" म्हणते तेव्हा मी आजही एक क्षण अडखळते. तिला गप्प बसवत नाही. तेवढं एक शिकले.

आबा गेले तेव्हा मी पहिल्या एसटीनं गेले. स्टँडवर उतरले आणि समोर फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली, आबांचा फेट्यातला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात 'कै. हिंदुराव (आबा) ऊर्फ इझव्या'. आमच्या मधल्या खोलीत बसून खेळ बघणारी पोरं आता मंडळाचे कार्यकर्ते झाली होती, त्यांनीच लावला होता. त्यातला एक माझी बॅग घ्यायला आला. डोळे पुसत म्हणाला, "ताई, सगळ्यांनी म्हनलं नाव घालायचंच. इझव्या आबा म्हनल्याबिगर गावाला कळायचं कसं?" त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, नाव प्रेमाचं झालं होतं. मी त्या फ्लेक्सखाली उभी राहिले आणि वर बघायचं टाळलं. संदीपदादा पंजाबातून दुसऱ्या दिवशी पोचला, सावडायलाच. स्मशानाचा चढ चढताना तो दोनदा थांबला. मी पाहिलं. आणि थोरली आई शेजारी होती, लोक होते, ही काय वेळ आहे का, असं म्हणून मी तेव्हाही गप्प बसले.

दादानं अकरा वर्षं भट्टी केली. आता त्याचं विट्यात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतो. दर तीन महिन्यांनी तो मिरजेला छातीच्या डॉक्टरकडं येतो आणि जाताना माझ्याकडं जेवून जातो. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या मजल्यावर तो थांबतो, कठडा धरून, आणि मी वरून त्याचा श्वास ऐकत दार उघडून उभी राहते.

गेल्या खेपेला त्याची मुलगी आर्या बरोबर होती, अकरावीतली. जेवण झाल्यावर ती मोबाईलवर खेळत बसली. आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी वाकून बघितलं. तोच खेळ, नव्यानं केलेला, खाली हिंदीत पट्टी. हिरवी ज्वाळ, तांबूस पिवळा धूर. आर्या म्हणाली, "आत्या, हा व्हिलन असा का वागतो? काही चोरत पण नाही, आणि मी अजून शेवटाला पोचले नाही. तू म्हणे तज्ज्ञ होतीस याची. पप्पा सांगतात." दादा सोफ्यावर मान मागं टाकून बसला होता, हातात श्वासाचा पंप. थोरली आई जाऊन चार वर्षं झाली होती. भाऊ तुटेल म्हणून जपायला ती नव्हती, आणि मला आडोसा करायला कुणीही नव्हतं.

मी सांगितलं. आधी इझव्या काय म्हणतो ते, वाक्यावाक्यानं, जसं आहे तसं. मग वाकळा धुवायला गेल्या होत्या ती दुपार. दिलीप, आणि न पाडलेली खिडकी. मग दुसऱ्या दिवशीची दुपार आणि मंगल. आर्याचा खेळ थांबला होता. दादानं मध्ये एकदाही विचारलं नाही. संपल्यावर तो बराच वेळ पंपाचं टोपण काढत-घालत बसला.

मग म्हणाला, "मी निगालो तवा आबा येशीपतूर आलं हुतं. गाडीची काच खाली घ्याया लावली. म्हनलं, रूपीनं सांगितलं तसं न्हाई त्ये. मी म्हनलं, मग कसं हाय? तर म्हनलं, तिलाच इचार. ती सांगंल." दादा थांबला, श्वास घेतला. "मी कवा इचारलंच न्हाई."

आबांनी माझं ते सगळं ऐकलं होतं, आणि तरी निघालेल्या पोराला माझ्याकडं पाठवलं होतं. मी सांगेन म्हणून.

"इचारलं असतं तर सांगितलं असतंस?" दादानं विचारलं.

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "न्हाई," मी म्हटलं. "तवा न्हाई सांगितलं असतं."

त्यानं मान हलवली, तशीच, आपल्याशीच, जशी त्या दुपारी चौकटीला टेकून हलवली होती. "मग बरं झालं न्हाई इचारलं," म्हणाला. पंप खिशात घातला, आर्याला म्हणाला, "चल, विट्याची एसटी चुकंल," आणि कठडा धरून एकेक पायरी खाली उतरायला लागला.